बाहेर घास, आत राख

आमच्या आत्याच्या हातांचा रंग कोणता, ते मला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. मनगटाच्या वर ती गव्हाळ होती आणि मनगटाखाली धातूची. नखांच्या कडांत काळं, पेरांत हिरवट, तळव्यावर तांब्याची झाक. आंघोळ करून, धुतलेलं नेसून ती जेवायला बसली तरी ताटाशेजारी तिचे हात कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे दिसायचे. मी एकदा विचारलं, "साबणानं निघत नाही का गं?" तर म्हणाली, "निघतं की. पण मग उद्या पुन्हा लावावं लागेल."

ती घासकामाची बाई. दारांच्या मुठी, दिव्यांच्या बैठका, तराजूची पारडी, बँडवाल्यांची शिंगं, शाळेची घंटा, जे जे काळवंडतं ते तिच्या दुकानात यायचं आणि तोंड धुऊन परत जायचं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला पायानं फिरवायचं चाक, त्याला कातडी पट्टा. दुसऱ्या बाजूला डबे. एका डब्यात विटेची वस्त्रगाळ पूड, एकात चुन्याची, एकात चाळलेली राख, एकात तेलात भिजवलेल्या चिंध्या. जमिनीवरची फरशी तिच्या बसण्याच्या जागी खोलगट झाली होती. आत्या म्हणायची, "ही माझी नाही, बापाच्या बुडानं झालेली. मी फक्त भाड्यानं बसते."

चाक फिरायला लागलं की बोलणं बंद. बोलायचं ते हात धुताना. आणि तेव्हा ती जे बोलायची ते घासूनपुसून आलेलं असायचं. "वस्तू मळत नाही गं," ती म्हणायची, "माणूस तिच्याकडे बघायचं सोडतो, एवढंच."

माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, त्या पुडीनं खोकला यायचा. ते दुधाची गाडी चालवायचे. म्हणून दुकान बहिणीकडे आलं, आणि बहीण दुकानाकडे गेली. तिचं लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलाकडची माणसं आली, बसली, पाणी प्यायली. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली आणि तिथेच राहिली. जाताना त्यांनी चपला घाईनं घातल्या. दोन दिवसांनी निरोप आला की मुलाचं तूर्तास मन नाही. आत्या म्हणाली, "मन आहे, पण ते भिंतीला अडकलं." त्यानंतर तिनं कुणाला बघायला येऊ दिलं नाही.

भिंतीवर बंदूक होती.

ती शंभर वर्षांहून जुनी, फौजेतली, ठासणीची बंदूक. उभी धरली तर माणसाच्या छातीपर्यंत यायची. ठासणीची म्हणजे तोंडातून भरायची: आधी नळीत दारू ओतायची, वर शिशाची गोळी सोडायची, मग लोखंडी गजानं दोन्ही तळाशी ठासायची. मागच्या बाजूला एक छोटी पोकळ खुंटी असते, तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आपटतो, टोपी फुटते, ठिणगी खुंटीच्या भोकातून आत जाते आणि बार उडतो. आमच्या बंदुकीची नळी तीन लोखंडी पट्ट्यांनी लाकडाला जखडलेली होती. दस्त्याच्या टोकाला पितळी पत्रा, चापाभोवती पितळी कडं. सगळं इतकं लखलखीत की दुपारी उन्हाचा कवडसा तिच्यावर पडला तर समोरच्या छतावर दुसरी बंदूक उमटायची.

ती होती आत्याच्या पणजोबांची. ते शिपाई होते. त्यांच्या काळात एका वर्षी धान्य इतकं महागलं की बाजारातली माणसं, बाया, म्हातारे, सगळे पुलावरून पलीकडच्या सरकारी कोठाराकडे निघाले. पुलाच्या त्या टोकाला शिपायांची रांग उभी केली होती. हुकूम झाला आणि तीन फैरी झडल्या. मेलेल्यांची नावं पुलाच्या कठड्यावरच्या दगडात अजून आहेत. रांगेतल्या शिपायांची नावं कुठे लिहिली नाहीत, पण गावाला लिहावी लागत नाहीत. पुढे फौजेला मागून भरायच्या नव्या बंदुका आल्या आणि जुन्यांचा ढीग विकायला निघाला. तो ढीग घासून काढायचं काम आमच्याच शिपायाकडे होतं. तुकडीच्या बंदुका तोच सांभाळायचा. त्यानं त्यातली स्वतःची बंदूक मागून घेतली, नोकरी सोडली आणि घासकामाचं दुकान टाकलं. तेव्हापासून आमच्या घराचं आडनाव कुणाला आठवत नाही. आम्ही 'पुलावरचे'. नळावर रांगेत उभं राहिलं तरी मागून कुणीतरी म्हणणारच, "सरका रे, पुलावरचे आलेत, भरून आलेत."

शिपाई पणजोबा पुष्कळ जगले आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कुणी तोंडावर 'पुलावरचा' म्हणालं तर मान हलवायचे. त्यांनी मागे ठेवलं ते एकच वाक्य, बंदूक साफ करायचं. त्यांनी ते मुलाला शिकवलं, त्यानं त्याच्या मुलाला, आणि त्यानं आमच्या आत्याला: "बाहेर घास, आत राख."

आणि आमच्या घरानं ते पाळलं. थंडी सुरू व्हायच्या आधी दरवर्षी बंदूक भिंतीवरून उतरायची. बाहेरून विटेच्या पुडीनं घासायची. मग नळीच्या तोंडाचं लाकडी बूच काढून आत वस्त्रगाळ राख ओतायची, थोपटून बसवायची, बूच पुन्हा मारायचं. खुंटीच्या माथ्यावर एक पिवळा ठिपका होता, पितळेचा, मोहरीएवढा. आमच्या घरात त्याला तीळ म्हणायचे. बंदुकीला दृष्ट लागू नये म्हणून कारागिरानं लावलेला तीळ, अशी समजूत. आत्याच्या वडिलांची ताकीद होती, "एक वेळ पट्ट्या राहू देत, तिळाला विसरू नकोस." आत्या कधी विसरली नाही. चिंधीचं टोक जिभेवर ओलं करून ती तो तीळ असा पुसायची, जसं आई बाळाच्या डोळ्याच्या कोपऱ्यातलं काजळ पुसते.

आता शिवणवालीचं सांगायला हवं. आमच्या समोरच्या गल्लीत शिंप्यांचं दुकान, ते ती चालवायची. शाळेत ती आणि आत्या एका बाकावर बसायच्या. शिवणवालीचे पणजोबा पुलावर मेले होते; गळ्यात मोजपट्टी तशीच होती, म्हणतात. एके दिवशी या दोघी एका भांड्यातून पाणी पिताना शिवणवालीच्या आजीनं पाहिलं, आणि नातीला दंडाला धरून घेऊन गेली. बाक बदलला. त्यानंतर दोघी म्हाताऱ्या झाल्या, पण बोलल्या नाहीत. बँडवाल्यांचे कोट शिवणवाली शिवायची आणि त्यांची पितळी बटणं आत्या घासायची. बटणं बँडवाल्यांच्या हातून यायची, त्यांच्याच हातून जायची. एकदा एका बटणाच्या कडीत निळा दोरा राहिला होता. आत्यानं तो काढून फेकला नाही. डब्याच्या झाकणाला गुंडाळून ठेवला.

पुढे गावातल्या जुन्या बराकीत वस्तुसंग्रहालय करायचं ठरलं. पुलाच्या घटनेला त्यात एक पूर्ण खोली. फौजेच्या शस्त्रागारात जन्म घालवलेले एक निवृत्त मिस्त्री तिथे नेमले. आणि पुलावर मेलेल्यांच्या घरांची एक समिती केली, तिची प्रमुख होती शिवणवाली. मिस्त्री स्वतः आमच्याकडे आले. गोल, शांत गृहस्थ. बंदुकीसमोर बराच वेळ उभे राहिले, हात मागे बांधून. मग म्हणाले, "बाई, त्या दिवसाची एकच बंदूक गावात उरली आहे, ती ही. द्याल का?"

"खाली काय लिहिणार?" आत्यानं विचारलं.

मिस्त्रींनी खिशातला कागद काढून वाचला. "पुलावर माणसांवर झाडलेली बंदूक."

"हे तुम्ही लिहिलंत?"

"समितीनं. पण मीही तेच ऐकलंय."

"ऐकलं मीही तेच. जन्मभर." तिनं हात पुसले. "एक मोटारवाला यायचा इथे, जुनी हत्यारं जमवणारा. म्हणायचा, रक्त प्यालेली वस्तू आहे, अशीला गिऱ्हाईक वेगळं. मी म्हटलं, प्याली की नाही ते तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणाला, लोक सांगतात, तेवढं पुरतं. मला नाही पुरत, मिस्त्री. बंदूक देईन, फुकट देईन. पण तिच्याखाली जे लिहाल ते खरं असलं पाहिजे. तिनं माणूस मारला असेल तर तसं लिहा, मी स्वतः येऊन वाचेन. पण आधी बघा."

"बघायचं काय त्यात?" बाबा दारातून म्हणाले. ते नुकतेच गाडी लावून आले होते. "एवढ्या वर्षांनी बंदूक साक्ष देणार आहे का?"

"देईल," मिस्त्री म्हणाले. "माणसापेक्षा बरी देते. नाहीतरी आत ठेवण्याआधी ती रिकामी आहे की नाही हे मला तपासावंच लागणार." त्यांनी बंदुकीचा गज काढला, बूच उपटलं आणि गज नळीत सोडला. गज थोडा आत गेला आणि थांबला. अर्ध्याहून जास्त बाहेर.

"ही भरलेली आहे," मिस्त्री म्हणाले.

"राख आहे ती," आत्या म्हणाली. "आम्हीच भरतो."

मिस्त्रींनी तिच्याकडे, मग बाबांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "बंदुकीत राख?"

"घरची रीत आहे."

"जन्म गेला बंदुकांत, बाई. तेल घालणारे पाहिले, चरबी घालणारे पाहिले. राख घालणारं घर पहिलंच."

त्यांनी नळी उलटी करून हलकेच थोपटली. कागदावर राखेचा ढीग झाला, करडा, मऊ, पिढ्यापिढ्यांच्या चुलींचा. मग पुन्हा गज सोडला. तो आता खोल गेला, पण तळाला लागला नाही. मिस्त्रींनी गजावर बोटानं खूण केली, गज बाहेर काढून नळीच्या अंगाला लावला आणि खुंटीपर्यंतचं अंतर दाखवलं. वीतभर जागा शिल्लक होती.

"राखेखाली काहीतरी आहे," ते म्हणाले.

चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला आणि तरी कुणी उठलं नाही.

मग मिस्त्रींनी खाली बसून समजावलं, कारण त्यांना आम्हाला फसवायचं नव्हतं. पुलावर तीन फैरी झाल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. आत एक गोळी निघाली, तर काहीच कळणार नाही. झाडून झाल्यावर पुन्हा भरून ठेवायची शिपायांना सवयच असते. उलट लोक म्हणतील, चौथ्या फैरीसाठीही तयार होता. एकाहून जास्त निघाल्या, तर मात्र विचार करावा लागेल. "उघडली की झाकता येणार नाही," ते म्हणाले. "उद्या सांगा."

त्या संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून होते. "ताई, नको उघडू," ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आज निदान 'कोण जाणे' म्हणता येतं. उद्या एक गोळी निघाली तर तेही गेलं. माझ्या पोरीला सासर आहे. त्या मोटारवाल्याला दे आणि मोकळी हो."

आत्या पितळी पारडं घासत होती. चाक थांबवून तिनं त्याला पारडं दाखवलं. "हे काय आहे?"

"पारडं."

"काळं होतं तेव्हा तांब्याचं आहे की पितळेचं, कळत नव्हतं. घासल्यावर कळलं. आता ते पितळेचं निघालं म्हणून मी त्याला पुन्हा काळं करू?" ती पुन्हा चाकाकडे वळली. "झाकलेली मूठ आयुष्यभर धरून हात आखडला रे माझा. लाख नको, सव्वा नको. मला हात उघडायचाय. आणि समितीलाही बोलाव. नंतर कुणी म्हणायला नको, पुलावरच्यांनी आपल्या हातानं उघडली आणि आपल्याच हातानं घातली."

बाबा हरले की कपाळ चोळायचे. त्यांनी कपाळ चोळलं आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी आत्यानं होकार कळवला आणि बंदूक बराकीत गेली. तिसऱ्या दिवशी तिथल्या मागच्या खोलीत आम्ही जमलो. जाड लाकडी टेबल, त्यावर शिकंजा, शिकंज्यात कांबळ्यात गुंडाळलेली बंदूक, तोंड मातीच्या पोत्यांकडे. शिवणवाली एकटीच आली होती, समितीची म्हणून. गळ्यात मोजपट्टी, केसांत एक सुई विसरलेली. ती भिंतीशी उभी राहिली. आत्या समोरच्या भिंतीशी. मधे टेबल.

मिस्त्रींनी आधी नळीत पाणी भरून, दारू मरावी म्हणून ती रात्रभर तशीच ठेवली होती. आता त्यांनी गजाच्या टोकाला स्क्रू बसवला आणि बाटलीचं बूच काढतात तसा हळूहळू पिळत आत नेला. खोलीत फक्त त्याची कुरकुर. मग त्यांनी ओढलं. शिशाची एक गोळी बाहेर आली, करडी, बुटकी, मागून पोकळ. तिच्यामागून ओल्या दारूचा काळा चिखल आणि कागदाचा लगदा.

बाबांनी डोळे मिटले.

मिस्त्रींनी पुन्हा गज आत घातला. तो थांबला त्या जागेकडे पाहून त्यांनी चष्मा वर केला आणि पुन्हा पिळायला लागले. दुसरी गोळी आली. पुन्हा चिखल, पुन्हा कागद. शिवणवाली भिंतीपासून सुटून टेबलापाशी आली. तिसरी गोळी बराच वेळ येईना. मिस्त्रींनी तेल सोडलं, थांबले, पुन्हा ओढलं. ती आली तेव्हा तिच्यावर गजाच्या ठोक्यांचे वळ होते. मग गज तळाला लागला. टक्क आवाज झाला.

तीन गोळ्या एका ओळीत टेबलावर. एकीवर एक भरलेल्या, एकही न सुटलेली.

"तीन फैरी," शिवणवाली म्हणाली. एवढंच.

"आणि इतकी वर्षं कोरड्या राहिल्या होत्या बघा," मिस्त्री म्हणाले, चिखल बोटांत चोळून. "वरच्या राखेनं ओल पिऊन घेतली. नाहीतर नळी गंजून सगळ्याचा केव्हाच एक दगड झाला असता. तुमच्या त्या वेड्या राखेनंच हे राखलं."

बाबांनी भिंतीला पाठ लावली आणि घसरत खाली बसले. "म्हणजे त्यानं झाडलीच नाही."

मिस्त्रींनी हात वर केला. "थांबा. मी खोटं बोलणार नाही. बंदूक झडली नाही, हे खरं. पण का झडली नाही? लढाईच्या मैदानांवर अशा बंदुका सापडल्यात, एकावर एक भरलेल्या. माणूस घाबरला की टोपी बसवायला विसरतो. घोडा नुसता आपटतो. शेजारच्यांच्या आवाजात त्याला कळतही नाही की आपला बार उडालाच नाही. हुकूम होतो, तो भरतो. हुकूम होतो, तो भरतो."

"म्हणजे भित्रा," बाबा म्हणाले.

"असेलही."

आत्यानं एक श्वास घेतला. "भित्रा तर भित्रा. तसं लिहा. मारला असता त्यापेक्षा भित्रा बरा. पण खुंटी बघा आधी, टोपी बसत होती का नव्हती ते."

मिस्त्रींनी घोडा मागे ओढून खुंटी मोकळी केली आणि तिच्या भोकात सुई घालायला गेले. सुई घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "इथे भोक दिसत नाही. काहीतरी पिवळं..."

"तीळ आहे तो," आत्या म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

ती टेबलाशी आली. भिंग तिनं घेतलं नाही. आपलं काळं नख त्या ठिपक्याच्या कडेनं फिरवलं, जसं ती रोज कुठल्या ना कुठल्या वस्तूच्या कडेनं फिरवायची. मग मिस्त्रींकडे पाहिलं. "खुंटीला भोक असतं?"

"असायलाच हवं. त्यातूनच ठिणगी आत जाते."

"हे पितळ आहे. भोकात ठोकून बसवलेलं. वरून कानशीनं सपाट केलंय, मग घासलंय." तिचा आवाज खाली आला. "मी जन्मभर हे पुसत आले. मला वाटलं, नटवण्यासाठी आहे. मिस्त्री, हे कुणी घाईत करेल?"

मिस्त्रींनी भिंगातून पुन्हा पाहिलं, बराच वेळ. "नाही," ते म्हणाले. "आधी मापाचा खिळा करायला हवा. नीट बसून, दार लावून." मग त्यांनी स्वतःशीच बोलल्यासारखं सांगितलं, "आता कळलं. टोपी बसवली, घोडा पडला, टोपी फुटली, जरासा धूरही झाला. शेजारच्याला वाटलं, यानंही झाडली. आत काहीच गेलं नाही. आणि तुकडीच्या बंदुका घासायच्या त्याच्याकडेच, म्हणजे तपासणारं दुसरं कुणी नाही. पुलावर जायच्या आधीच यानं ठरवलेलं होतं, बाई."

"मग बोलला का नाही?" बाबा जवळजवळ ओरडले. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या..."

"हुकूम मोडल्याची शिक्षा गोळीच होती," मिस्त्री म्हणाले. "आणि पुढे, शिक्षा देणारे गेल्यावर सांगितलं असतं, तर मानलं असतं कुणी? त्या रांगेतला प्रत्येक जण म्हातारपणी हेच म्हणाला असेल, मी नाही झाडली."

"बोलला असता तर एक शब्द तरी मागे राहिला असता," बाबा म्हणाले. "मागे काय राहिलं? घासायची रीत. बाहेर घास, आत राख."

"काय म्हणालास?" शिवणवालीनं विचारलं. इतक्या वर्षांत ती आमच्या घरातल्या माणसाशी पहिल्यांदाच थेट बोलत होती, आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"पणजोबांचं वाक्य. बाहेरून घासायची, आत राख भरायची."

"भरायची असं म्हणाले होते?"

"नाही. 'आत राख' एवढंच."

शिवणवालीनं गळ्यातली मोजपट्टी मुठीत धरली. "अगं ए," ती आत्याला म्हणाली, आणि त्या 'अगं'मध्ये शाळेचा बाक होता. "मी शिकाऊ मुलींना काय सांगते? शिवताना आत माया राख. राख म्हणजे राखून ठेव. आज बाहेरून दिसत नाही, पण उद्या कुणाला सैल करायचं झालं तर आत कापड पाहिजे." तिनं टेबलावरच्या तीन गोळ्यांकडे बोट केलं. "तो सांगत होता, आतलं राख. आतलं काढू नकोस. आणि तुम्ही वेड्यांनी चूल ओतलीत."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं. आधी पोटातून आलं, मग खांद्यांत, मग तिला टेबल धरावं लागलं. तीन पिढ्या एक शब्द चुकीचा ऐकत आल्या होत्या आणि त्या चुकीनंच तो खरा ठेवला होता. मिस्त्री हसले, बाबाही हसले, आणि हसता हसता बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी दुधाच्या गाडीवरच्या फडक्यानं पुसलं.

शिवणवाली मात्र हसली नाही. सगळे शांत होईपर्यंत ती थांबली.

"एक सांगते," ती म्हणाली. "त्यानं झाडली नाही, मानलं. मी स्वतः बघितलं. पण तो रांगेत उभा होता. खांद्याला लावून, नेम धरून उभा होता. समोरून बघणाऱ्याला काय कळणार, कुठल्या बंदुकीत तीळ आहे आणि कुठल्या नाही? माझा पणजोबा रांगेकडे बघत मेला. त्याच्या डोळ्यांत सगळ्या बंदुका सारख्याच होत्या."

बाबा काही बोलणार होते. आत्यानं हातानं थांबवलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "तेही लिहायचं."

मिस्त्रींनी जुना कागद उलटा केला आणि पेन्सिल काढली. मग मजकुरावर दोघी म्हाताऱ्या भांडल्या, आणि ते भांडण ऐकण्यासारखं होतं. आत्याचं म्हणणं, 'झाडली नाही' हे आधी. शिवणवालीचं म्हणणं, 'पुलावर होती' हे आधी.

"पाटी वाचणारा पहिलं वाक्य वाचून पुढे जातो," आत्या म्हणाली.

"म्हणूनच सांगते. जे गेले ते आधी. तुझा पणजोबा वाचला, तो दुसऱ्या वाक्यापर्यंत थांबू शकतो."

आत्या नख टेबलाच्या कडेवरून फिरवत राहिली. "बरं," ती शेवटी म्हणाली. "पण दोन्ही वाक्यं एकाच मापाच्या अक्षरांत. माझं बारीक करून खाली कोंबायचं नाही."

"मापाचं मला शिकवू नकोस," शिवणवाली म्हणाली.

तर आज त्या खोलीत काचेआड बंदूक आहे, शेजारी तीन गोळ्या, आणि खाली पाटी: 'ही बंदूक त्या दिवशी पुलावर रोखलेली होती. ती झाडली गेली नाही.' अक्षरं एका मापाची आहेत. शिवणवालीनं मोजपट्टी लावून तपासली.

मिस्त्रींनी एकच अट घातली होती, की आता हिला घासायचं नाही. घासून घासून तिच्यावरचे शिक्के, साल, कारखान्याची खूण, सगळं पुसट झालं होतं. आणखी घासलं तर उरलेलंही जाईल. आत्यानं ते ऐकलं. तिच्यासारख्या बाईला 'घासू नको' म्हणजे पोहणाऱ्याला 'ओला होऊ नको' सांगण्यासारखं होतं. पण तिनं पाळलं. दर आठवड्याला ती दुकान बंद करून तिकडे जायची, काचेसमोर उभी राहायची, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून, म्हणजे ते आपणहून पुढे जाऊ नयेत. पितळ आधी मंद झालं, मग मधासारखं, मग तपकिरी. तीळही काळवंडला. एकदा मी तिला विचारलं, त्रास होत नाही का.

"होतो," ती म्हणाली. "पण आता बाहेरचं कशाला घासायचं? आतलं दिसलं ना सगळ्यांना."

दुकानाचं चाक ती शेवटपर्यंत फिरवत राहिली. आणि बँडवाल्यांच्या कोटांची बटणं पुढच्या खेपेपासून बँडवाल्यांच्या हातून येईनाशी झाली. दुपारी गल्लीतून चपलांचा आवाज यायचा, दारात एक सावली पडायची आणि आवाज यायचा, "ए पुलावरचे, बटणं आणलीत. पाणी दे आधी."

आत्या तिला पाणी द्यायची. एकाच भांड्यातून दोघी प्यायच्या, आणि त्या भांड्यावर आत्याच्या काळ्या बोटांचे ठसे उठायचे. शिवणवाली ते कधी पुसायची नाही.